जर्मनीवाली

नव्वदच्या दशकात कन्हेरीतल्या आमच्या घरी एका जर्मन बाईचा मुक्काम असायचा, टीव्हीत. ज्यूदो खेळायची. घरातले सगळे तिला जर्मनीवाली म्हणत. मीही बारामतीत ज्यूदो शिकत होते, म्हणून ती माझ्या गोतावळ्यातली.

पहिल्यांदा पाहिली तेव्हा कुणीतरी तिला उचलून आपटत होतं. पुढच्या वर्षी तिनं युरोपात कांस्यपदक घेतलं. मग गुडघा गेला आणि ती दिसेनाशी झाली. "संपली आता ती," असं आमचे सर म्हणाले, तेव्हा मला इतका राग आला की कितीतरी दिवस मी तोंड फुगवूनच सरावाला जायचे. आणि बाई परतली! थेट जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत.

त्याच आठवड्यात पुण्याला माझी राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. तात्या, म्हणजे माझे वडील, एमआयडीसीतल्या डेअरीत कामाला. रोज मोटरसायकलवरून मला सरावाला सोडायचे. त्यांच्या स्वेटरला येणारा दुधाचा वास मला अजून आठवतो. पण पुण्याचं नाव काढलं की हा जुना पैलवान गप्प. मी फारच डोकं खाल्लं तेव्हा म्हणाले, "बरं. तुजी जर्मनीवाली जिंकली तर जा."

संध्याकाळी सामना लागला. समोर जपानची पोरगी. तिनं जर्मनीवालीला खाली घेतलं, उताणं केलं आणि वरून दाबून धरलं.

"झाली चीत," म्हणत तात्या उठले आणि शेळ्यांना पाला टाकायला अंगणात गेले.

"तात्या, ज्यूदोत अर्धा मिनिट दाबून ठिवावं लागतं! येळ हाय अजून!"

पाठ टेकली की कुस्ती संपली, हे जन्मभर पाहिलेला माणूस तो. त्यांना वाटलं, मी रडीचा डाव खेळतेय. इकडे जर्मनीवालीनं पाय आत ओढला, अंग पिळलं आणि ती सुटली. मी अशी किंचाळले की तात्या पाल्याची पेंढी घेऊनच दारात आले.

"ही उठली कशी?"

मग ते तिथेच उभे राहून शेवटपर्यंत बघत राहिले. वेळ संपली, दोघी बरोबरीत. मग निकालासाठी पंचांनी झेंडे उचलले, जपानच्या बाजूनं.

मला रडू कोसळलं. जर्मनीवालीसाठी नव्हे, खरं सांगायचं तर पुण्यासाठी.

तात्यांनी हातातली पेंढी दारातच ठेवली. मग टीव्हीकडे बघतच म्हणाले, "इंदापूरच्या जत्रंत माजी पाठ टेकली, भर गर्दीत. परत आखाड्यात पाय ठिवला न्हाय मी." आम्हाला वाटायचं, नोकरीपायी कुस्ती सुटली. "उद्या लवकर उठ. पुण्याची यष्टी धराया लागंल."

पुण्यात मी पहिल्याच लढतीत हरले. डोळे सुजवून घरी आले. तात्या शेळ्यांची धार काढत होते. मी हरल्याचं सांगितलं. त्यांनी मान वर केली.

"मग? पुढची कदी हाय?"