आमच्या व्याह्यांचं 'नाय'

आमच्या व्याह्यांइतका 'नाही' म्हणणारा माणूस पनवेल तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि झालाच असता तर तालुक्याचं काही खरं नव्हतं. माझ्या मुलीसाठी त्यांच्या मुलाचं स्थळ पाहायला मी पळस्प्याच्या पुढे त्यांच्या गावी गेलो, तेव्हा हुंड्याला नाय, मानपानाला नाय, बँडला नाय, असे ते एकेक करत इतक्या वेगानं निघाले, की आता लग्नालाच नाय म्हणतात की काय या धास्तीनं माझा चहा तसाच निवला. लग्नाला मात्र ते हो म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेला तो जवळजवळ शेवटचा होकार.

गावात त्यांनी आणि त्यांच्या बरोबरीच्या चारपाच जणांनी तरुणपणी एक आघाडी काढली होती. मोठ्या पक्षांचे झेंडे बाहेरच ठेवायचे, आपली माणसं आपण निवडून ग्रामपंचायतीत पाठवायची, एवढाच हेतू. आघाडीची तत्त्वं चार, आणि ती व्याह्यांनी स्वतः देवळाच्या सभामंडपात भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिली होती. गावचं पाणी पितो तो गावचा. एकाचा नकार म्हणजे सगळ्यांचा नकार. नकार ज्याचा त्यानं स्वतःच्या तोंडानं द्यायचा, निरोप चालणार नाही. आणि एकदा ठरलं की ते सगळ्यांचं, बाहेर जाऊन 'मी त्यात नव्हतो' म्हणायचं नाही. दर दिवाळीला ते शिडीवर चढून ही अक्षरं पुन्हा गिरवायचे, त्यामुळे ती वर्षागणिक जाड होत गेली होती. निवृत्तीनंतर मी त्याच गावात छोटं घर बांधलं, तर वास्तुशांतीलाच व्याही तांब्याभर नळाचं पाणी घेऊन हजर. "प्या," म्हणाले. "आता तुमी सभासद."

सभासद होण्यातली मेख मला बैठकीला बसल्यावर कळली. आघाडीच्या नावावरच पूर्वी अकरा बैठका झाल्या होत्या म्हणे. एस.टी. थांब्यावरच्या बाकाला कुठला रंग द्यायचा, यावर व्याह्यांनी तीनदा नाय म्हटलं आणि शेवटी लोकांनी बाक तसाच बिनरंगाचा वापरून वापरून गुळगुळीत केला. त्यांच्या स्वतःच्या मुलानं, म्हणजे आमच्या जावयानं, पंचायतीला उभं राहायची इच्छा दाखवली. भर बैठकीत बाप म्हणाला, "जो मागतो त्याला देवाचा नाय." मागणाऱ्याला द्यायचं नाही, म्हणजे नाही. महिनाभर बापलेकांचं बोलणं बंद होतं. आमच्या मुलीनं मधे पडून नवऱ्याचं म्हणणं सासऱ्यांना सांगायचा प्रयत्न केला, तर तिला उत्तर मिळालं, "सूनबाय, निरोप चालनार नाय."

पण या माणसाची चेष्टा करताना एक गोष्ट विसरून चालायची नाही. मी राहायला येण्याआधी गावात नळ आला, तेव्हा उद्घाटनाला नारळ, हार, आमंत्रणं, सगळं तयार होतं, आणि व्याही नाय म्हणून बसले. टेकडीखालच्या कातकरी वाडीपर्यंत पाइप गेलेला नव्हता. त्या पंधरा झोपड्या गावचंच पाणी पितात, तेव्हा त्या गावच्याच, आधी त्यांचा नळ. चार महिने गावाच्या तोट्या कोरड्या राहिल्या, बायाबापड्यांनी त्यांना नाही नाही ते ऐकवलं, ते ऐकून घेत राहिले आणि वाडीला नळ आला. आमची मुलगी त्या घरात सून म्हणून रुळली ती त्या दिवसापासून, असं मला वाटतं. ती दुपारची वाडीतल्या मुलांना शिकवायला जाऊ लागली आणि सासऱ्यांचं नाव असं घ्यायची, की मला थोडा हेवाच वाटायचा.

मग जमिनीचे भाव चढले. बैठकीला सायकलवर येणारे गाडीतून येऊ लागले. गावातल्याच एका बिल्डरला, म्हणजे आमच्याच एका सभासदाला, टेकडीमागच्या इमारतींसाठी रस्ता हवा होता, आणि तो वाडीतून जाणार होता. वाडीनं पलीकडच्या खडकाळ उतारावर जायचं, तिथे ना पाणी ना वाट. पंचायतीत बहुमत आमचं, त्यामुळे आघाडी हो म्हणाली की काम झालं. वाडीतली धडधाकट माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली, बैठकीला त्यांच्यातलं कोणी नसायचं. पाच महिने, दर रविवारी सकाळी, एकटे व्याही म्हणत राहिले, नाय.

त्याच सुमारास त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. बैठक चुकेल म्हणून ते ऑपरेशनला तयार नव्हते. शेवटी मीच समजूत घातली. एका रविवारचा प्रश्न आहे, म्हटलं, मी आहे ना. त्यांनी माझा हात धरला. "माझा निरोप नका नेऊ, तो चालनार नाय. तुमी तुमचं नाय म्हना. एकाचं बास हाय." मी शब्द दिला.

त्या रविवारी बैठक दीड वाजेपर्यंत चालली. वीसएक माणसं, सगळी माझ्याकडे बघत. कोणी धमकावलं नाही. बिल्डर तर हसून म्हणाला, "काका, तुमी बाहेरून आलेले, तुमच्यामुळं गावाचं काम अडलं असं नको व्हायला." माझे पाय आखडले होते, घरी मटण झालं असेल असं मनात येत होतं, आणि या सगळ्यांशी मला उरलेलं आयुष्य काढायचं होतं. मी काहीच बोललो नाही. कोणी नाही म्हटलं नाही, म्हणून ठराव झाला. लग्नात अक्षता पडायला लागतो तेवढा वेळही लागला नाही.

व्याह्यांना सांगायला गेलो तेव्हा ते काळा चष्मा लावून खाटेवर बसले होते. मला वाटलं, आता भडकतील. ते म्हणाले, "ठरलं म्हंजे आपल्या सगल्यांचं ठरलं. चला, वाडीव सांगाला पायजे." डॉक्टरांनी बाहेर पडू नका म्हणून बजावलं होतं, तरी माझा हात धरून ते उन्हातून गेले. वाडीत एक म्हातारी तेवढी होती. तिनं विचारलं, "दादा, तुमी 'नाय' नाय म्हनलं?"

"आमी ठरवलंय, बाय," व्याही म्हणाले.

"मंग आमी कुठं जावाचं?"

 व्याह्यांच्या चष्म्याखालून पाणी येत होतं. ऑपरेशनचं असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

परत येताना मला म्हणाले, "सूनबाय इचारनार. मी तिला सांगतो, मीच तुमाला गप ऱ्हावा म्हनलो." मी म्हटलं, असं कसं, हे खोटं आहे. तर म्हणाले, "सासऱ्याव रागावली तर तिला म्हायेर हाय. बापाव रागावली तर कुठं जाईल?" उभ्या जन्मात खोटं न बोललेला माणूस त्या संध्याकाळी माझ्यासाठी खोटं बोलला, आणि ते त्याला धड जमलंही नसणार, पण तिनं विश्वास ठेवला.

वाडी आता उतारावर आहे. मुलगी सासऱ्यांशी बोलत नाही, ताट वाढते आणि उठून जाते. ते मुकाट जेवतात. तत्त्वं यंदा कोणी गिरवली नाहीत. मुलगी माझ्याकडे येते, "बाबा, ते असे निघतील असं वाटलं नव्हतं हो," म्हणते आणि डोळे पुसते. दर वेळी मी सांगायला तोंड उघडतो. मग तिचं माहेर जाईल अशी भीती वाटते आणि गप्प बसतो. ती भीती तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे, हे मला पुरतं ठाऊक आहे.