सापाला पाय

सोमवारी सकाळी सात वाजता मी माझ्याच शॉपच्या कोपऱ्यात, कॉफीचा कप हातात धरून, जमिनीकडे बघत उभा होतो. समोर लिनबाई सगळ्यांशी इंग्लिशमध्ये बोलत होत्या... आणि मला ऐकवत नव्हतं.

आधी थोडं मागचं सांगतो. अमेरिकेत पिस्कॅटवेला माझं पॅकिंगचं शॉप आहे. लॅबमधली महागडी, नाजूक मशिन्स आम्ही लाकडी क्रेटमध्ये बसवून पाठवतो. इचलकरंजीहून आलो तेव्हा मी दुसऱ्याच्या वेअरहाउसमध्ये खोक्यांना टेप लावायचो. आता अकरा माणसं माझ्याकडे आहेत, आणि त्यात सगळ्यात चांगला हात लिनबाईंचा. वय चोपन्न, गाव चीनमधलं फूचौ, नऊ वर्षं माझ्याकडे.

गेल्या महिन्यात आमचा शिफ्ट लीड, म्हणजे पाळीचा मुकादम, रिटायर झाला. ती जागा लिनबाईंचीच, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण लीडला रोज सकाळी सगळ्यांसमोर पाच मिनिटं बोलावं लागतं, आणि त्या भीतीने त्यांनी दोनदा नाही म्हटलं होतं. या वेळी म्हणाल्या, एक आठवडा करून बघते. नाही जमलं तर माझ्या टेबलवर परत जाईन, पुन्हा विचारायचं नाही.

तयारी त्यांनी बोर्डाच्या परीक्षेसारखी केली. एक लाल वही... रोज पाच इंग्लिश वाक्प्रचार पाठ करायचे, आणि दिवसभरात वापरला की त्यापुढे टिक. तीन वाजले आणि दोन उरले असले, की बाई ते कुठेही बसवायच्या. आमचा ट्रक ड्रायव्हर मार्कस मला एकदा हळूच म्हणाला होता की मिस लिन दुपारनंतर जरा निवडणुकीला उभ्या राहिल्यासारख्या बोलतात.

तर सोमवारच्या त्या पाच मिनिटांत 'हिट द ग्राउंड रनिंग' झालं, 'गो द एक्स्ट्रा माइल' झालं, 'ऑल हँड्स ऑन डेक' झालं. गंमत म्हणजे एकही चुकला नव्हता. पण कुठला क्रेट आधी करायचा, ते कोणालाच कळलं नाही. कोणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं.

मंगळवार तसाच. बुधवारही तसाच... बुधवारी दुपारी मी गाडीत बसून बाहेरच्या एका माणसाला फोन केला, लीडच्या कामासाठी शुक्रवारी भेटायला येतोस का म्हणून. फोन ठेवला आणि स्वतःचाच राग आला. पण माल वेळेवर जायला हवा, तिथे माझाही इलाज नसतो.

घरी जाताना लिनबाईंनी विचारलं, तुम्ही सुरुवातीला रोज किती वाक्प्रचार शिकायचात? म्हटलं, मोजले नाहीत. लंचला रोज वेगळ्या टेबलावर जाऊन बसायचो आणि कान उघडे ठेवायचो. त्यांना ते काही पटलं नाही.

गुरुवारी सकाळी क्रेट तपासताना वेगळंच निघालं. आमचा सुतार टोनी, पन्नाशीचा, कामाला चोख. त्याने काळजीपोटी फोमचा दुप्पट थर घातला होता, वर जादा पट्ट्या स्क्रूने आवळल्या होत्या. इतकं घट्ट की दाब थेट मशीनच्या काचेवर येत होता. ट्रक नऊला सुटणार होता.

लिनबाई क्रेटसमोर उभ्या राहिल्या. वही चाळली... हवं ते सापडेना. सगळे थांबलेले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी वही खिशात टाकली, टोनीच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली, आणि प्लायवूडच्या तुकड्यावर एक साप काढला. चांगला वळणदार. मग त्याला चार पाय काढले.

"आमच्या गावी म्हणतात," त्या सावकाश म्हणाल्या, "साप काढला. छान साप. झालं काम. मग तू पाय काढलेस. आता तो साप नाही."

टोनीने सापाकडे पाहिलं, क्रेटकडे पाहिलं. "म्हणजे माझा फोम म्हणजे पाय."

"पाय," बाई म्हणाल्या. "काढून टाक."

तो ड्रिल घेऊन स्क्रू सोडवायला बसला. ट्रक नऊला गेला.

आपल्याकडे याला 'अति तिथे माती' म्हणतात. पण माती अशी पेन्सिलने काढून दाखवता येत नाही, हेही खरं.

दुपारपर्यंत शॉपभर 'नो फीट' सुरू झालं. कोणी टेपचा तिसरा थर मारला, की शेजारचा नुसतं बोट दाखवायचा... 'फीट'. संध्याकाळी मी शुक्रवारच्या त्या माणसाला येऊ नको म्हणून कळवलं.

शुक्रवारी मीटिंग संपताना मला राहवलं नाही. लिनबाईंचं कौतुक करायला पुढे झालो आणि सुटलोच... माझे वेअरहाउसचे दिवस, मेहनत, भाषा, अमेरिका. मागून मार्कसचा शांत आवाज आला, "बॉस... फीट."

सगळे हसले. लिनबाई तर तोंडावर हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. नऊ वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

तो प्लायवूडचा तुकडा आता दाराशी, घड्याळाच्या वर लावलाय. नवीन लीड कोण, हे मला कोणाला सांगावं लागलं नाही.

इतकी वर्षं मी इथली भाषा कानाने गोळा करत आलो. तिच्यात आपल्या घरचंही काही घालता येतं, हे मला लिनबाईंनी दाखवलं... अजून बरंच लिहिणार होतो.

पण साप काढून झालाय.