टेम्पो अडवणारा

मदत घेऊन निघालेल्या बाईनं पहाऱ्यावरच्या माणसाची बंदूकच हिसकावली, असा मूर्खपणा मी केलेला आहे. तेव्हा मी साठीची अल्लड पोर होते. दंगली-लढायांच्या मुलखात मदतीला जाऊ इच्छिणाऱ्या बायकांचं पाथर्डीच्या मंगल कार्यालयात शिबिर होतं. आपली निवड व्हावी म्हणून मी नुसती उतावीळ झाले होते. शिकवणारा नेवाशाकडचा, अशा मुलखांत वर्षानुवर्षं राबलेला. बोलण्याआधी हसायचा, समोरचं माणूस खाली बसलेलं असलं, की स्वतःही खाली बसायचा.

त्या दिवशी खुर्च्या मांडून आम्ही औषधांचा टेम्पो केला, मागं शिबिरातल्या तरण्या पोरी बसवल्या आणि त्यानं लाकडी बंदूक घेऊन तो अडवला. शांतपणे बोलून वाट मागायची, एवढाच धडा. मी ओरडले, "बाजूला हो रे मुडद्या!" आणि बंदूक ओढली. बायकांनी टाळ्या पिटल्या.

तो म्हणाला, "मावशी, तुमी जिंकल्या. मागं टेम्पोत बसलेल्या पोरी मात्र मेल्या."

टाळ्या थांबल्या. आता आपल्याला घरीच पाठवणार, असं समजून मी खाली बसून चपला घालू लागले. तो शेजारी उकिडवा बसला, हसला आणि म्हणाला, "उद्यापासून टेम्पो तुमी अडवायचा. तुमाला शांत करता आलं ना, तर ह्या पोरी कुठं बी जातील."