आराम पडेपर्यंत

लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्याकडे पाऊस नव्हता, पण पाट्या भरपूर होत्या. रंगाऱ्यांना एवढं काम पूर्वी कधी मिळालं नव्हतं. कचेऱ्यांच्या दारांवरचं 'उस्मानाबाद' पुसून तिथे 'लातूर' लिहायचं होतं. रंग घाईत आणि पातळ लावल्यामुळे काही ठिकाणी जुना जिल्हा नव्याच्या खालून डोकावत राही. मी तेव्हा लातुरात एका शाळेत इतिहास शिकवत होतो. विषय बाहेर रस्त्यावरच चालू असल्यामुळे वर्गात फारसं कुणी लक्ष देत नसे.

नव्या जिल्ह्याला सगळंच स्वतःचं हवं होतं. कलेक्टर मिळाला, मग कबड्डीचा संघ हवा झाला. तोवर आमची पोरं दुसऱ्या जिल्ह्याच्या नावानं हरत. आता स्वतःच्या नावानं हरायची सोय झाली. या संघात माझा धाकटा भाऊ चढाईला होता. माय औशाजवळच्या आमच्या गावी असायची आणि भाऊ माझ्या खोलीवर राहायचा. माझ्या चपला वापरायचा आणि चहात साखर कमी पडली म्हणून माझ्याशीच भांडायचा.

कबड्डीचं मैदान पाणी मारून, माती खेळवून मऊ करावं लागतं. त्या साली पिण्याचं पाणीच टँकरनं यायचं. मैदानावर ते वाया घालवायचं नाही, असं संयोजन समितीनं समजूतदारपणे ठरवलं. उद्घाटनाला टँकर आला, पण तो पाहुण्यांच्या जीपपुढची धूळ बसवायला. जीप उभी राहील तेवढी जागा छान ओली झाली. पाहुण्यांनी भाषणात या मातीचे गुण सांगितले. ते बूट घालून उभे होते. पोरं अनवाणी होती आणि माती फरशीसारखी वाजत होती.

दुसऱ्याच चढाईत तिघांनी भावाला धरलं. तो पडला आणि त्याचा गुडघा भलत्याच दिशेला वळला.

डॉक्टर जिल्ह्यासोबतच लातुरात आलेले होते, नवे आणि पुण्याकडचे. त्यांनी गुडघा दाबून पाहिला, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "आराम करा. आणि ही गोळी आराम पडेपर्यंत घ्या." त्यांच्या हिशेबानं याचा अर्थ आठवडाभर झोपून राहा आणि ठणका गेला की गोळी बंद, असा होता. आमच्याकडे दुखणं थांबलं की 'आराम पडला' म्हणतात. भावानं गोळी घेतली, अर्ध्या तासात आराम पडला. दुपारी गोळी उतरली, आराम गेला. मग आराम पाडायला दुसरी घेतली. तो डॉक्टरांचा शब्द न् शब्द पाळत होता.

"डॉक्टरनं दोनदा आराम म्हणलं, दादा," तो मला समजावून सांगायचा. "एकदा कराया, एकदा पडाया. गोळी घेतली का दोनी बी होतंय."

सुरुवातीला मला ती गोळी आवडलीच. चहावरचं भांडण संपलं. तो सगळ्यांशी गोड बोलू लागला, घरमालकाशीसुद्धा. गोळीच्या जोरावर पुन्हा सरावाला जाऊ लागला. गुडघा आतून बिघडत होता, पण ते त्याला कळायला मार्ग नव्हता. समितीचे लोक म्हणत, "पोरगं लोखंड हाय!" पुढं पुढं त्याला नुसतं लांबून येताना पाहून औषधवाला पाकीट काढून ठेवी. पानवाला ठेवतो तसं. चिठ्ठी कुणी मागेना.

मग त्याला जांभया येऊ लागल्या. नाक गळायचं, घाम फुटायचा, गोळी घेतली की सगळं थांबायचं. भर उन्हाळ्यात, दुष्काळात, याला पडसं कसं झालं याचं मी नवल करत बसलो. माय गावाहून आली आणि तिनं निदान केलं, "नजर लागली." तिनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. आम्ही सगळे खोकत बाहेर पळालो. भावानं खोकल्यावरही एक गोळी घेतली.

एकदा कसल्याशा बंदमुळं दुकानं उघडली नाहीत. दुपारपर्यंत तो अंथरुणात गोळा होऊन थरथरत होता. पोटात पीळ पडत होता. जिल्ह्याचं लोखंड रडत होतं.

"गुडघा लई दुखतोय का?" मी विचारलं.

"गुडघा न्हाई रं, दादा. समदं अंगच दुखायलंय."

मी घाबरलो ते या उत्तरानं. गोळी आता गुडघ्यासाठी नव्हतीच. विशी ओलांडलेला माझा भाऊ औषधाच्या दुकानाच्या वेळेवर जगायला लागला होता, आणि तसाच जगत राहिला तर त्याचं काय व्हायचं हे दिसायला इतिहास शिकलेला असायची गरज नव्हती.

आमची थोरली बहीण, अक्का, नांदेडला दिली होती. मेहुणे रेल्वेत. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, भावानं गोळी घेतली आणि एसटीनं अहमदपूर, लोहा करत आम्ही तिच्याकडे पोचलो. तिनं पाणी दिलं, भावाकडे एकदा पाहिलं आणि लगेच ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई देगलूरकडच्या, वयानं माझ्याएवढ्याच. जेवणाचा डबा उघडून बसल्या होत्या. तो त्यांनी नाइलाजानं बंद केला.

"आराम आहे का?"

"हाय," भाऊ म्हणाला.

"किती वेळ असतो?"

"दुसरी गोळी घ्यायची वेळ होईपर्यंत."

"मग तो आराम तुमचा नाही, गोळीचा आहे. तुम्ही तिच्याकडे नोकरीला आहात."

"पगार?" भावाची चेष्टा अजून शाबूत होती.

"ते माहीत नाही. सुट्टी नसते, एवढं सांगते."

मग त्यांनी नीट समजावलं. शरीराला या गोळीची सवय लागते, त्यात माणूस वाईट असावा लागत नाही. एकदम तोडली तर हाल होतात, म्हणून त्या सांगतील तसतशी कमी करायची. गोळ्या भावाच्या हातात द्यायच्या नाहीत. "आणि गुडघा दुखेल," त्या म्हणाल्या. "कुठं थांबायचं ते तो सांगत होता. तुम्ही त्याचं तोंड बांधून ठेवलं होतं." एवढं बोलून त्यांनी डबा पुन्हा उघडला.

गोळ्या अक्काच्या कमरेच्या पिशवीत गेल्या. तिथून त्या काढणं समोरच्या संघाची पकड फोडण्यापेक्षा अवघड होतं. भावानं सगळे डाव टाकून पाहिले. आधी अक्काच्या पिठल्याची तारीफ केली. मग तो तिच्या सासूकडे गेला आणि बहीण औषधसुद्धा देत नाही, असं सांगितलं. सुनेविरुद्ध असा चांगला पुरावा त्या माउलीला बऱ्याच वर्षांत मिळाला नव्हता. तिनं खटला लगेच दाखल करून घेतला. अक्का स्वयंपाकघरातूनच ओरडली, "वाघावाणी खेळतूस म्हणं! अन् गोळीसाठी माझ्या सासूच्या पदराआड लपतूस व्हय रं?" सासूला हसू आलं आणि खटला निकाली निघाला.

सगळंच असं हसण्यावारी गेलं नाही. त्याला झोप लागेना. तो आम्हाला वाटेल ते बोलला, अक्काला तर फार. मेहुणे कामावरून येऊन त्याच्याशी पत्ते खेळत आणि न चुकता हरत, त्याबद्दलही त्यानं त्यांना शिव्या दिल्या. एका दुपारी तो गुपचूप निघाला, गोळीच्या शोधात. चौकातल्या दुकानापर्यंत जायचं होतं, पण अर्ध्या वाटेत गुडघा एवढा ठणकला की रस्त्याकडेला बसला आणि लंगडत परत आला. आमच्या कुणाचं ऐकत नव्हता तो शेवटी गुडघ्याचं ऐकून आला. मी शनिवार-रविवार नांदेडला जायचो. हळूहळू तो पुन्हा चहावरून भांडायला लागला. साखर कमी आहे म्हणाला तेव्हा अक्कानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही पोरगं मॅट्रिक पास झालं.

अशात नांदेडशीच सामना ठरला, तोही नांदेडात. सकाळीच समितीची जीप अक्काच्या दारात उभी राहिली. समितीतले एक जाडजूड गृहस्थ उतरले. त्यांच्यामागं सुईचा स्टीलचा डबा घेतलेला कंपाउंडर.

"तू जिल्ह्याचा खेळाडू. जिल्ह्याच्या इज्जतीचा सवाल हाय," गृहस्थ म्हणाले. "एक सुई मारायची. दोन तास काय बी कळत न्हाई."

भाऊ त्या डब्याकडे पाहत राहिला. त्याचे ओठ कोरडे पडलेले मला दिसत होते. मी मनात एक चांगलं भाषण जुळवलं होतं. अक्का दारात हात कमरेवर ठेवून उभी होती.

"अन् सुई उतरल्यावर?" भावानं विचारलं.

"उतरल्यावर काय? सत्कार!"

"अन् सत्कार उतरल्यावर?"

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

"मी येतो," भाऊ म्हणाला. "बघाया येतो."

तो आला. कडेला पाय पसरून बसला आणि आपल्याच संघाला नावं ठेवू लागला. त्याच्या जागी अहमदपूरचा एक काटकुळा गडी चढाईला होता. त्याच्या खांद्यावर दोघं जण पडले. तो खांदा धरून उठेना, तसा कंपाउंडर डबा उघडत धावला. पण त्याच्याआधी माझा भाऊ लंगडत तिथं पोचला होता.

"डबा झाक."

"अरे, दुखतंय त्याला!" गृहस्थ ओरडले.

"दुखतंय तेच बरं हाय. म्हणून तर तो गप पडलाय. सुई टोचली का लगेच उठून खेळंल, अन् खांदा हातात येईल."

"तू कोण सांगणार?"

"जिल्ह्याचा खेळाडू. सकाळी तुमीच म्हणलं की."

शेजारी बसलेले लोक हसले. मंचावरच्या पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून गृहस्थ मागं सरकले. सामना बघायला आलेल्या मेहुण्यांनी त्या गड्याला धरून एक्स-रे काढायला नेलं. आमचा एक माणूस कमी झाला आणि नांदेडनं मग आम्हाला मनसोक्त धुतलं.

भाऊ घामेजला होता. आता अर्ध्यावर आलेल्या गोळीची वेळ झाली होती. बायकांच्या बाजूनं अक्का गर्दीतून वाट काढत आली आणि तिनं कमरेची पिशवी उघडली.

"थांब की जरा," तो मैदानावरून नजर न काढता म्हणाला. "संध्याकाळी दे. चढाई चालू हाय."

अक्का पिशवी बंद करून त्याच्याशेजारी खाली बसली.

"कोण हरायलंय?" तिनं विचारलं.

"आपणच," तो आनंदानं म्हणाला.