कुलपातला डेमो पीस

“मॅडम, शनिवारी तुमचा माल उचला. काउंटर दुसऱ्या कंपनीला देतोय.”

फोनवर कल्याणचे नंदूशेठ होते. त्यांचं खेळण्यांचं मोठं दुकान आहे. आम्ही त्यांना हँडहेल्ड गेम पुरवतो, म्हणजे हातात धरून खेळायचे, स्वतःचा स्क्रीन असलेले व्हिडिओ गेम. काउंटर म्हणजे दुकानात शिरताच दिसणारं काचेचं कपाट. डोंबिवलीचे छोटे दुकानदार त्यांच्याकडे बघून माल ठेवतात. नंदूशेठ गेले की तेही जाणार, आणि ही लाइन, म्हणजे या भागातल्या दुकानांची विक्री, माझ्याकडे होती.

आमचे साहेब बाळकुमच्या गोडाऊनमधून फोनवर म्हणाले, “वंदना, जादा सुटीची स्कीम मागू नकोस. माल का हलत नाही ते बघ.”

गुरुवारी गेले. व्हिजिटची यादी काढली. स्टॉक, पोस्टर, किमतीचं लेबल, गिऱ्हाइकाला दाखवायचा डेमो पीस, चार्जिंग. सगळीकडे टिक. तरी पाय निघेना. कोपऱ्यात उभी राहिले. तासाभरात दुसऱ्या कंपनीचे दोन सेट गेले. त्यांचा डेमो दोरीने बाजूच्या टेबलाला बांधलेला. येणारा प्रत्येकजण बटणं दाबत होता.

कॉलेजातल्या मुलीला घेऊन एक बाई आल्या. आमचा सेट दाखवा म्हणाल्या. शेठनी कपाटाचं कुलूप काढलं, डेमो सेट स्वतःच्याच हातात धरला. स्क्रीनवरचं प्लास्टिकसुद्धा तसंच.

“अहो, हातात तर द्या!”

“ताई, पडला तर माझ्या डोक्यावर. सही केलीय मी.”

त्या दोघी दोरीवाल्या डेमोकडे वळल्या.

“शेठ, कसली सही?”

“वा! तुम्हीच घेतलीत ना? फुटला तर नवा भरून द्या म्हणून. विसरलात काय?”

विसरले नव्हते. तो फॉर्म मीच बनवला होता. दर व्हिजिटला ‘डेमो सुस्थितीत’ लिहून खूशही होत होते.

तिथूनच साहेबांना फोन लावला. “डेमोची जबाबदारी आपण घेतोय.”

“विचारतेयस की सांगतेयस?”

“सांगतेय.”

साहेब मग म्हणाले, “लेखी दे त्यांना.”

मी तिथेच लिहून दिलं, प्लास्टिक नखाने सोललं आणि सेट बाहेर ठेवला. शनिवारी संध्याकाळपर्यंत आमचे तीन गेले. शेठनी अर्धं काउंटर आम्हाला ठेवलं. उरलेलं अर्धं अजून परत मिळालेलं नाही.

महिन्याभरात त्या डेमोचं बटण तुटलं. मी नवा पाठवला. आता ज्या दुकानातला डेमो सहा महिने नवाकोरा राहतो, तिथे मी आधी जाते.