ठकुबाईचं पोट

कोन गावच्या मंदाआत्यानं आयुष्यात समुद्र पाहिला तो फक्त दादरच्या चौपाटीवरून, तोही सहा डिसेंबरला, गर्दीच्या फटीतून. पण नजर म्हणाल, तर या बाईचीच! अठ्ठावीस वर्षं भिवंडीच्या लूम कारखान्यात ती कापड तपासत होती. तुटका धागा, तेलाचा डाग, विरळ वीण, ताग्यातलं काही म्हणून तिच्या हातून सुटत नसे. शेठसुद्धा तिच्याशी वाद घालायला कचरायचा.

तिचा भाचा मिलिंद समुद्रातल्या मांटांचा माग काढणाऱ्या लोकांत होता. मांटा म्हणजे पाकटाच्या जातीचाच मासा, पण पंख पसरले की आख्खी खोली व्यापेल एवढा. पोटावर काळे ठिपके, दोघांचे कधी सारखे नसतात आणि जन्मभर बदलत नाहीत. वर्षभरापूर्वी मिलिंद फोटो जुळवताना आत्यानं चहा ठेवता ठेवता एकाच मांटाच्या दोन फोटोंची जोडी दाखवून दिली. तेव्हापासून दर रविवारी हा पठ्ठ्या लॅपटॉप घेऊन तिच्या दारात हजर.

एका मादीला त्यानं आपल्या आजीचं नाव दिलं होतं, ठकुबाई. माझ्या आईला मासा केलास, म्हणून आत्यानं त्याला असा झापला होता की विचारू नका. पुढं मात्र तीच विचारायची, ठकुबाई कुठवर पोचली?

ठकुबाईच्या पाठीवर दोरीनं अडकवलेला टॅग होता, ती कुठं आहे ते कळवणारा. आठ महिने तो मालवणपासून खाली दक्षिणेकडं तिची वाट दाखवत राहिला, मग बंद पडला. गेल्या महिन्यात किनाऱ्यावर सापडला तो दोरी कापलेला. जाळ्यात गेली असणार, असं सगळ्यांनी धरलं. मांटा मालवणहून लक्षद्वीपला जातात असा मिलिंदच्या लोकांचा अंदाज होता, पण ठकुबाईच्या नावापुढं 'मृत' लागलं, की त्याला पुरावाच मिळणार नव्हता. मग मांटा जातात ते दोन महिने त्या वाटेवर जाळी टाकू नका, हे मच्छीमारांना कुठल्या तोंडानं सांगायचं?

मिलिंद त्या रविवारी तोंड पाडूनच आला. लक्षद्वीपच्या पाणबुड्यांनी तीनशे फोटो पाठवले होते. कॉम्प्युटरनं एकही जुळवला नव्हता. आत्या एकेक बघत गेली आणि एका फोटोपाशी थांबली. पोटावर हातभर पांढरा व्रण, निम्मे ठिपके पुसलेले. मिलिंद म्हणाला, हा तपासलाय, ही वेगळी आहे.

आत्याचं डोकंच फिरलं. "त्या डागाकडं बघू नको रं. डाग आज हाय, उद्या न्हाय. खालची वीण बघ."

चष्मा सावरून तिनं व्रणाच्या दोन्ही बाजूंचा ठिपका न् ठिपका बोटानं दाखवला. सतरा होते. जुन्या फोटोतही तेच सतरा, तिथल्या तिथं. ठकुबाई जाळ्यात कापली गेली होती, पण सुटली होती, आणि पार लक्षद्वीप गाठलं होतं. मिलिंदला रडूच फुटलं. आत्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तिचेही डोळे भरून आले.

मिलिंदच्या कामावरच्या प्रमुख मॅडमनी दोन दिवस घासूनपुसून पडताळलं आणि मान्य केलं. ठकुबाई जिवंत होती. नोंदीच्या फॉर्मवर ओळख पटवणाऱ्याचं नाव आणि काम लिहायचं होतं. आत्याच्या नावापुढं 'संशोधन सहायक' लिहू का, मिलिंदनं फोनवर विचारलं.

कारखान्यातल्या टेबलापाशी आत्या ताठ उभी राहिली.

"कापड तपासणारी लिही," ती म्हणाली. "भिवंडीची."