श्यामलाची पुण्यातली मैफल

आमच्या श्यामलाला युरोपात लोक तिकीट काढून ऐकायचे. सदाशिव पेठेत तिला विचारायचे, "वहिनी, ती मोठी पेटी विकायची आहे का? जागा फार अडवते हो." मी तिचा नवरा, श्रीधर. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. संगीतातलं मला फारसं कळत नाही, संताप मात्र उत्तम येतो, आणि हे मी त्या संतापातच लिहितोय.

लहानपणी कॅम्पातल्या एका पारशी बाईंच्या खिडकीखाली ही आतला पियानो ऐकत फतकल मारून बसली आणि उठेना. शेवटी वडिलांनी हात टेकले आणि पियानोची शिकवणी लावली. पुढे शिष्यवृत्तीवर व्हिएन्नाला गेली. तिथे बक्षिसं मिळवली, जर्मनी-पोलंडातल्या मोठ्या सभागृहांत वाजवलं, तिकडच्या वर्तमानपत्रांत फोटो आले. मग आई अंथरुणाला खिळली म्हणून थोड्या दिवसांसाठी परत आली ती आलीच. आमचं लग्न त्यानंतरचं, तेव्हा तो दोष माझ्या माथी मारू नये.

इथे तिने काय केलं? कर्वेनगरात शिकवण्या घेतल्या. आईबाप मुलांना हौसेने आणायचे आणि हात जरा बसला की दहावी आली म्हणून काढून न्यायचे. समारंभांत तिला बोलवायचे, पण पाहुणे यायला उशीर झाला की तेवढा वेळ भरून काढायला. ही डोळे मिटून वाजवायला लागली की कुणीतरी येऊन कानाशी म्हणायचं, "मॅडम, आटोपतं घ्या, साहेब आले."

तिची मागणी एकच होती. आपल्या गावात, चांगल्या वाद्यावर, एक अख्खा सोनाटा, म्हणजे तीन-चार भागांची एक सलग रचना, मध्ये कुणी न थांबवता वाजवायचा. यंदा बोटांचे सांधे धरायला लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की काय वाजवायचं ते आत्ताच वाजवून घ्या.

त्याच सुमारास पेठेतल्या एका सांस्कृतिक मंडळाला हिचा साठीचा सत्कार करायची उबळ आली. सत्कार नको, मैफल द्या, असं हिने सांगितलं. अध्यक्ष हिंदुराव मानले. मुंबईहून भाड्याने मोठा पियानो आला. त्याच्याबरोबर आलेल्या माणसाने दिवसभर खपून तो सुरात लावला आणि स्वारगेटहून परतीची बस धरली. श्यामलाने एकदा वाजवून पाहिला. इतकी खूश मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. ती साडी बदलायला आत गेली, मी तिच्यासाठी चहा बघायला गेलो.

दिवस नेमका खंडेनवमीचा. शस्त्रांची, अवजारांची, वाद्यांची पूजा झाल्याशिवाय आपल्याकडे पान हलत नाही. आम्ही परत आलो तर पियानोला झेंडूचा हार, पट्ट्यांवर हळदकुंकू, आणि कडेला फोडलेल्या नारळाच्या वाट्या. त्यातली एक कलंडून सगळं पाणी पट्ट्यांच्या फटींतून आत गेलं होतं. श्यामलाने धावत जाऊन पदरानेच पुसलं. मधल्या काही पट्ट्या दाबल्या की खालीच बसत होत्या, वर येईनात. सूर लावणाऱ्याला फोन केला, तर त्याची बस लोणावळ्याच्या पुढे गेलेली.

"अहो, पूजा तर करायलाच हवी ना," हिंदुराव म्हणाले. "आणि एवढ्या ढीगभर पट्ट्या आहेत. दोन-चार वगळून वाजवा की!"

"मग तुम्ही भाषणातले दोन-चार शब्द वगळा," मी म्हणालो. "सुरुवात 'मी'पासून करा."

श्यामलाने मला हाताने गप्प केलं. सभागृह भरलं होतं. तिचे जुने विद्यार्थी आपली मुलंबाळं घेऊन आले होते. ती बसली आणि वाजवू लागली.

अख्खा सोनाटा वाजवला. कुणी थांबवलं नाही. पण संथ भागात एक जागा आहे. रोज सकाळी घरी ती तिथे पोचली की मी हातातला पेपर खाली ठेवतो. त्या जागी आज सूरच उमटले नाहीत. नुसत्या लाकडाचा खटखट आवाज आला, आणि तिची बोटं न थांबता पुढे गेली.

शेवटी सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. "अद्भुत! एक सूर इकडचा तिकडे नाही!" असं हिंदुराव माइकवर म्हणाले. लोक रांगेने येऊन तिच्या पाया पडले.

रिक्षात ती म्हणाली, "एकालाही कळलं नाही हो."

"मला कळलं," मी म्हणालो. "ती संथ जागा. तिथे काहीच वाजलं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. सुजलेली बोटं चोळत बाहेर बघत म्हणाली, "तुम्ही घरचे. घरचं माणूस हिशेबात धरत नाहीत."